सैल हात

“खोटं बोलणारा हात ओळखायचा कसा, तेवढंच सांगा बाई. बाकीचं मला येतं.”

खानोलकर बाई चष्मा पुसत होत्या. पुसत राहिल्या.

“कुणाचा हात?”

“हिचा.”

हर्षद मुळीकने मागे न बघताच मान हलवली. मागच्या बाकावर सुगंधा बसली होती. उजवा हात पदराखाली.

हे आमच्या शिबिरातलं. डॉक्टर तुटलेला हात शिवून मोकळे होतात. तो पुन्हा हलता करायचं काम आम्हा हाताच्या थेरपिस्टांचं. पदवी कितीही जुनी झाली तरी आम्ही दरवर्षी बाईंकडे शिकायला जायचो. त्यांची अट एकच. ज्याच्यापुढे तुम्ही हात टेकलेत, तो रुग्ण बरोबर आणायचा.

बरेच जण गुपचूप आपला सगळ्यात सोपा रुग्ण आणत. चारचौघांत नाक कापून कोण घेईल?

हर्षद मात्र खराच अवघड रुग्ण घेऊन आला होता. शिकायला नव्हे, साक्षीदार मिळवायला. त्याची प्रमाणपत्रं दवाखान्यात मावेनात म्हणून जिन्यातल्या भिंतीवर लावली आहेत, असं त्याचे सहकारी म्हणत. सहकारी काय, काहीही म्हणतात. पण जिना मी पाहिला आहे.

“कडबाकुट्टीच्या यंत्रात हात गेला,” हर्षद म्हणाला. “शिवण उत्तम झाली. जखम भरली. बोटं मात्र वळत नाहीत. घरी व्यायाम करत नाही ही.”

“रोज करते की वो,” सुगंधा म्हणाली.

“ऐकलंत? असं म्हणते.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“रात्री स्प्लिंट बांधते?”

स्प्लिंट म्हणजे बोटं ठरल्या जागी धरून ठेवणारी प्लास्टिकची पन्हळ. हर्षद हसला. या प्रश्नाची तो वाटच पाहत होता.

“त्याची सोय केलीय मी. झोपताना स्प्लिंटचा पट्टा बांधायला लावतो आणि नवऱ्याकडून पट्ट्यावर पेनाची बारीक रेघ… नाही, ऐका. रेघ अर्धी पट्ट्यावर, अर्धी प्लास्टिकवर. रात्रीत पट्टा उघडला की रेघ जुळत नाही. सकाळी फोटो मागवतो.”

“मग? जुळली नाही?”

“जुळली.”

“मग?”

“पुन्हा काढली असणार.”

“उजवा हात बांधलेला. डाव्या हाताने?”

“नवरा सामील असेल.”

आमच्यातलं कुणीतरी खुसखुसलं. बाईंनी तिकडे नुसतं पाहिलं आणि ते थांबलं.

“हिने खोटं कशाला बोलावं?”

“हात बरा झाला की म्हशींची धार काढावी लागेल. कुणाला हवंय?”

“म्हशी जावंकडं गेल्यात,” सुगंधा म्हणाली. आवाज जरा चढला होता. “हात चालंना म्हटल्यावर सासूनं तिकडं बांधल्या. मला परत आणायच्यात त्या. माझ्या हातच्या हाईत त्या. तिला दूधसुदीक देत न्हाईत.”

मला तिचं खरं वाटलं. हर्षदला ते पाठ करून आणलेलं वाटलं असावं.

“सोमवारपासून हिचं नाव कमी करतोय,” तो बाईंना म्हणाला. “रांगेत प्रामाणिक माणसं आहेत. मी बोट वळवायला गेलो की ही सगळा हात ताठ करते. म्हणते, सैल सोडलाय. तोंडावर सांगते, बाई! आणि हात लाकडासारखा.”

नाव कमी झालं तर दुसरीकडे कुठे जायचं, हे सुगंधाला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या भागात दुसरा हाताचा दवाखानाच नव्हता. बोटं आहेत तिथेच थिजली असती आणि म्हशी जावेच्याच झाल्या असत्या.

बाई उठल्या. हर्षदच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

“तुझा हात दे.”

“माझा? माझा कशाला?”

“दे.”

त्याने आमच्याकडे पाहिलं. मग दाराकडे. बाईंचा काहीतरी डाव आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. तरी हात दिला.

बाईंनी एक तळवा त्याच्या कोपराखाली धरला, एक मनगटाखाली. हात अलगद खांद्याच्या उंचीपर्यंत उचलला.

“सैल सोड.”

“सोडला.”

“अजून.”

“सोडला, बाई. पूर्ण सोडला.”

बाईंनी आपले दोन्ही तळवे हळूच काढून घेतले.

हर्षदचा हात हवेत तसाच राहिला.

…

त्याला कळायला थोडा वेळ लागला. त्याने हाताकडे असं पाहिलं की जणू तो शेजारच्याचा आहे. मग झटकन खाली घेतला.

“मला कल्पना नव्हती. पुन्हा करा.”

बाईंनी पुन्हा हात उचलला. या वेळी त्यांचे तळवे निघायच्या आत हात धाडकन मांडीवर आला.

“बघा,” हर्षद म्हणाला.

“हा पाडलास,” बाई म्हणाल्या. “पडला नाही.”

“पुन्हा.”

पुन्हा हात वर गेला. आता त्याची नजर बाईंच्या बोटांवर खिळली होती. जबडा आवळलेला. मानेची शीर टरारली होती. बाई तळवे काढत नव्हत्या. नुसत्या धरून बसल्या.

“सोडतोय ना मी!”

“हो.”

“मग काढा ना हात!”

बाईंनी काढले नाहीत. हर्षदचं कपाळ घामेजलं. मला त्याची कीव आली. एवढा हुशार माणूस, आणि स्वतःचा हात खाली सोडता येईना.

“असं कसं जमेल?” तो एकदम ओरडला. “तुम्ही पुढे काय करणार आहात ते ठाऊक नसेल, तर कोण कशाला सैल सोडेल हात?”



…

बाईंनी त्याचा हात अलगद मांडीवर ठेवला.

हर्षद खाली बघत राहिला. आपणच काय बोललो ते त्याच्या कानात उशिरा पोचलं असावं. मग पहिल्यांदाच तो वळून सुगंधाकडे नीट बघू लागला.

“सोमवारी या,” तो हळू म्हणाला.

“नाव काढणार हुतासा न्हवं?”

“नाही काढत.”

“मागल्या खेपंलाबी असंच गोड बोलला. मग फोटू मागितला.”

तिचा त्याच्यावर विश्वास बसला नव्हता, आणि का बसावा? पण म्हशी परत आणायच्या होत्या. ती उठून पुढे आली. बाईंनी रिकाम्या केलेल्या समोरच्या खुर्चीवर टेकली. पदराखालचा हात बाहेर काढला.

“आणा, बघू,” म्हणत हर्षदने नेहमीसारखा हात पुढे केला.

त्याची बोटं टेकायच्या आधीच तिची बोटं आखडली. मनगट ताठलं. खांदा कानाशी गेला.

“सोडलाय की वो ढिल्ला,” सुगंधा म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं.

हर्षदने बाईंकडे पाहिलं. या वेळी तक्रार नव्हती. घाबरला होता तो.

“बाई… आता काय करू?”

“तिचा राहू दे,” बाई म्हणाल्या. “आधी तुझा तिच्या हातात दे.”