चिचुंद्रीच्या दारावरची फळी

सकाळचे सहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. बरोब्बर सहा सतरा!

चिचुंद्री घरी आली. तुरुतुरु, तुरुतुरु! रात्रभर किडे खाऊन पोट झालं होतं टम्म. आता पिल्लांना पाजायचं. मग गुडुप्प झोपायचं.

पण हे काय? दारच नाही!

काल तर इथंच होतं. म्हसोबाच्या माळावर, बाभळीच्या बुडाशी, एवढंसं गोल दार. आज तिथं होतं एक घर. मोठ्ठं पत्र्याचं घर! त्याला खिडकी. खिडकीला फुलाफुलांचा पडदा. आणि खाली? खाली चाकं! चाकांचं घर!

हे घर होतं हणमंताचं आणि कौसल्याचं. दोघं फुगे विकायची. आज या जत्रेत, उद्या त्या जत्रेत. पुढं जीप, मागं घर. काल उशिरा ती माळावर थांबली. जीप सोडवली. चाकांना दगड लावले. घराच्या पुढच्या नाकाखाली टेकू द्यायला जॅक उभा केला. जॅकचा पाय मातीत रुतू नये म्हणून खाली टाकली फळी.

टाकली, पण खाली बघितलंच नाही! फळी पडली कुठं? चिचुंद्रीच्या दारावर. थप्प!

आतून आवाज आला.

"चीं चीं! चीं चीं! आई गं, भूक लागली!"

चार पिल्लं होती आत. इवली इवली. शेंगदाण्याएवढी.

"आले रे बाळांनो, आले!" चिचुंद्रीनं माती उकरली. खर्र खर्र, खर्र खर्र. पण माती टणक. नखं इवली. दुसरं दार? ते करायचं राहूनच गेलं होतं बाई!

चिचुंद्री फळीला म्हणाली, "फळी फळी, बाजूला हो!"

"का गं?"

"दार काही उघडेना,
भूक पिल्लांना सोसेना!"

फळी म्हणाली, "होते की! पण माझ्या डोक्यावर जॅकचा पाय. आधी जॅकला पाय उचलू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु! चिचुंद्री वळली जॅककडे.

"जॅकआजोबा, जॅकआजोबा, पाय उचला!"

"का गं?"

"फळी बाजूला होईना,
दार काही उघडेना,
भूक पिल्लांना सोसेना!"

जॅक कुरकुरला. किर्र किर्र. "उचलतो की! पण सगळं घर माझ्या एका पायावर. आत्ता उचलला तर घर नाकावर आपटेल, धाड! आधी दांडीला हुकात बसू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु! चिचुंद्री चढली दांडीवर. दांडी म्हणजे घराचं लांबलचक नाक. लोखंडाचं, गार गार!

"दांडीताई, दांडीताई, हुकात बस!"

"का गं?"

"जॅक पाय उचलेना,
फळी बाजूला होईना,
दार काही उघडेना,
भूक पिल्लांना सोसेना!"

दांडी म्हणाली, "बसते की! पण हूक आहे जीपच्या पाठीला. आणि जीप बघ किती लांब! आधी जीपला मागं येऊ दे."

"चीं चीं! आई गं!"

"आले रे, आले!"

तुरुतुरु, तुरुतुरु! चिचुंद्री गेली जीपच्या चाकापाशी.

"जीपमावशी, जीपमावशी, मागं ये!"

"का गं?"

"दांडी हुकात बसेना,
जॅक पाय उचलेना,
फळी बाजूला होईना,
दार काही उघडेना,
भूक पिल्लांना सोसेना!"

जीप म्हणाली, "घुर्र घुर्र! येते की! मी कधीची तयार आहे. पण आधी हणमंताला गिअर टाकू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु! चिचुंद्री चढली पायरीवर. पायरीवरून सीटवर. हणमंता बसला होता स्टिअरिंग धरून. डोक्याला मफलर, तोंडात दातवण.

"हणमंतादादा, हणमंतादादा, गिअर टाका!"

"का गं?"

"जीप मागं येईना,
दांडी हुकात बसेना,
जॅक पाय उचलेना,
फळी बाजूला होईना,
दार काही उघडेना,
भूक पिल्लांना सोसेना!"

हणमंतानं कान धरले. "टाकतो की! पण मला मागचं दिसतंय का? मागच्या जत्रेला न विचारता मागं घेतली, अन् पाण्याचा माठ फुटला. फट्! चार दिवस बोलणी खाल्ली मी! आधी कौसल्याला 'येऊ द्या' म्हणू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु! चिचुंद्री पळाली कौसल्याकडं. कौसल्या उभी होती जीपच्या मागं. एक हात कमरेवर. एका हातात पिन. पिन म्हणजे हुकात घालायचा जाडजूड खिळा.

"कौसल्यावहिनी, कौसल्यावहिनी, 'येऊ द्या' म्हणा!"

"का गं?"

"हणमंता गिअर टाकेना,
जीप मागं येईना,
दांडी हुकात बसेना,
जॅक पाय उचलेना,
फळी बाजूला होईना,
दार काही उघडेना,
भूक पिल्लांना सोसेना!"

कौसल्या म्हणाली, "म्हणते की! पण बघ जरा, मध्ये कोण बसलंय? माझी ठकू! पोर मध्ये बसलेलं असताना 'येऊ द्या' म्हणायला मी काय खुळी आहे? आधी ठकूला उठू दे."

पुढून हणमंता ओरडला, "अगं, बोल की लवकर! जत्रा काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

कौसल्या ओरडली, "थांबा हो जरा! माठ फुटला तर नवा आणता येतो!"

"चीं चीं! चीं चीं! आई गं!"

"आले रे, आले!"

तुरुतुरु, तुरुतुरु! चिचुंद्री आली ठकूपाशी. ठकू बसली होती मातीत. पाय पसरून. अगदी मधोमध!

"ठकूबाई, ठकूबाई, ऊठ!"

"का गं?"

"कौसल्या 'येऊ द्या' म्हणेना,
हणमंता गिअर टाकेना,
जीप मागं येईना,
दांडी हुकात बसेना,
जॅक पाय उचलेना,
फळी बाजूला होईना,
दार काही उघडेना,
भूक पिल्लांना सोसेना!"

ठकूनं ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ! उठते की! पण माझ्या मांडीवर ढब्बू झोपलाय. आधी ढब्बूला उठू दे."

ढब्बू म्हणजे ठकूचा कुत्रा. गोल गोल, काळा काळा, बटाट्यासारखा!

तुरुतुरु, तुरुतुरु! चिचुंद्री चढली ठकूच्या पायावर. गेली ढब्बूच्या कानापाशी.

"ढब्बूराजा, ढब्बूराजा, ऊठ!"

ढब्बू "का गं" म्हणालाच नाही. ढब्बू म्हणाला, "घुर्रर्र… फूऽऽ…"

चिचुंद्रीनं जोरात सांगितलं,

"ठकू काही उठेना,
कौसल्या 'येऊ द्या' म्हणेना,
हणमंता गिअर टाकेना,
जीप मागं येईना,
दांडी हुकात बसेना,
जॅक पाय उचलेना,
फळी बाजूला होईना,
दार काही उघडेना,
भूक पिल्लांना सोसेना!"

"घुर्रर्र… फूऽऽ…"

आता काय करायचं? चिचुंद्रीनं कान टवकारले.

चीं चीं नाही.

परत ऐकलं. काहीच नाही! आतून आवाजच येईना!

चिचुंद्री घाबरली, अगदी घाबरली! आणि चिचुंद्री घाबरली की काय होतं, माहीत आहे ना? वास येतो! असा वास, असा वास, की शीऽऽ!

चिचुंद्री उभी होती कुठं? ढब्बूच्या नाकासमोर!

ढब्बूचं नाक हललं. मिशा हलल्या. कान हलले.

"हॅ… हॅ… हॅक्छी!"

ढब्बू उडाला टुण्णकन!

ढब्बू उठला, तशी ठकू उठली. "शी बाई, शीऽऽ!" म्हणत धूम पळाली. थेट घराच्या पायरीवर जाऊन बसली. ढब्बू तिच्या मागं.

ठकू उठली, तशी कौसल्या म्हणाली, "येऊ द्याऽऽ! येऊ द्या!"

कौसल्या "येऊ द्या" म्हणाली, तसा हणमंतानं गिअर टाकला. खटॅक!

हणमंतानं गिअर टाकला, तशी जीप मागं आली. घर्र… घर्र… घर्र…

"येऊ द्या, येऊ द्या! जरा डावीकडं!"

"माझ्या डाव्या का तुझ्या?"

"अहो, जेवायच्या हाताच्या उलट! हां! येऊ द्या, येऊ द्या, हळूऽऽ… बास! बास बास बास!" कौसल्यानं जीपवर थाप मारली. थाड थाड!

जीप थांबली. हूक आला बरोब्बर दांडीपुढं! कौसल्यानं दांडीला जरासं ढकललं. हणमंतानं खाली उतरून जॅक जरासा खाली घेतला.

जीप मागं आली, तशी दांडी हुकात बसली. खळ्ळ! वरून पिन. खट्ट!

दांडी हुकात बसली, तसा जॅकनं पाय उचलला. हणमंतानं दांडा फिरवला, गरागरा. किर्रर्र, किर्रर्र, किर्रर्र! पाय वर, वर, वर!

जॅकनं पाय उचलला, तशी फळी मोकळी झाली. कौसल्यानं तिचं टोक धरलं आणि केली बाजूला.

आणि दार उघडलं!

चिचुंद्री धावली. "बाळांनो! बाळांनो! बोला रे!"

आधी बाहेर आलं एक इवलंसं नाक. मग दोन मिशा. मग पहिलं पिल्लू. त्याच्या शेपटीला तोंडात धरून दुसरं पिल्लू. त्याच्या शेपटीला तिसरं. तिसऱ्याच्या शेपटीला चौथं!

चिचुंद्रीची पिल्लं घाबरली की अशीच एकमेकांना धरतात. मग "चीं चीं" कसं करणार? आत चौघं गोल करून बसली होती, प्रत्येकाच्या तोंडात भावाची शेपटी!

पहिल्यानं पटकन आईची शेपटी धरली. झाली गाडी! पुढं आई, मागं चार डबे. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

"बाबा, बाबा, बघा!" ठकू नाचायला लागली. "त्यांनी पण गाडी जोडली!"

हणमंतानं डोक्यावरचा मफलर काढला. "आणि एका दमात जोडली! 'येऊ द्या' नाही, काही नाही!"

"हसताय काय?" कौसल्या म्हणाली. "फळी टाकली कुणी? खाली बघायला काय झालं होतं? लेकुरवाळीच्या दारावर फळी!"

"चुकलं बाई," हणमंता म्हणाला. कौसल्याला नाही हं. खाली वाकून, चिचुंद्रीला!

चिचुंद्रीला रागवायला वेळ कुठं होता? ती बाभळीच्या सावलीत आडवी झाली. चार पिल्लं तिला बिलगली. चुटुचुटु, चुटुचुटु. एक प्यायलं. दोन प्यायली. तीन प्यायली. चौथं तर पिता पिता झोपलंच!

हणमंतानं चाकांचे दगड काढले. पण जीप लगेच नाही निघाली. सगळी पायरीवर बसून राहिली. गुपचूप. ढब्बूसुद्धा. पिल्लांचं पोट भरलं. मग पुढं आई, मागं चार डबे. सगळी गेली आपल्या बिळात. मगच जीप निघाली. पों पों! भुर्रर्र!

तर माझ्या बाळांनो, एक काम कराल? कुणी गाडी उभी करत असेल, फळी ठेवत असेल, दगड लावत असेल, तर त्याला सांगा, "आधी खाली बघा हं! कुणाचं दार असेल!" बाबांना सांगा. मामाला सांगा. शेजारच्या काकांना सांगा. आणि त्यांनाही म्हणा, तुम्ही पुढच्याला सांगा!