आजोबांचा शेवटचा फोटो

कुंभेरीच्या सरकारांनी करकोच्यांच्या फोटोला पदक जाहीर केलं आणि सगुणा नावाडीण भर सभेत उठून उभी राहिली.

"सरकार, तो फोटो माझा आहे!"

सभा हसली. पदक घ्यायला पुढे आलेला ऋतुराज भोगटे सगळ्यांत मोठ्याने हसला. इन्स्टाग्रामवर त्याच्या 'कुंभेरीचा कॅमेरा' या पेजला चाळीस हजार फॉलोअर होते. सगुणा तळ्यावर बापाची होडी वल्हवायची आणि फावल्या वेळात मोबाइलवर फोटो काढायची.

"पुरावा?" सरकारांनी विचारलं.

"फोटो स्टेटसला ठेवला होता, तो दुसऱ्या दिवशी आपोआप गेला. आणि मोबाइल पडला तळ्यात."

"म्हणजे पुरावा माशांकडे!" भोगटे म्हणाला. पुन्हा हशा!

सरकारांचं संस्थान कधीच गेलं होतं, हट्ट मात्र शाबूत होता. "पोरी, आठ दिवस देतो. याच सभेत चोरी सिद्ध कर. पण याच्या मोबाइलला हात लावायचा नाही आणि याला एकदाही चोर म्हणायचं नाही. जमलं नाही तर सर्वांसमोर माफी मागायची!"

घरी बाप म्हणाला, "माग माफी नि मोकळी हो. त्याचे चाळीस हजार, आपली होडी एक."

"आबा, तुमचा मोबाइल द्या," सगुणा म्हणाली. नवं सिम घेऊन तिने आपला जुना नंबर त्यावर चालू केला.

पाचव्या दिवशी पहाटे धुक्यात तळ्याकाठी एक म्हातारा घोंगडी पांघरून बसला होता. सगुणाने होडीतून उतरून त्याचा पाठमोरा फोटो काढला नि स्टेटसला ठेवला. कोणी कोणी पाहिला ते तिला दिसत होतंच. भोगटेने पाहिला! दुपारी फोटो त्याच्या पेजवर झळकला, खाली ओळ: 'आजोबांचा शेवटचा फोटो'. लोक रडके चेहरे टाकू लागले.

आठव्या दिवशी सभा भरली.

"भोगटेदादा," सगुणाने हात जोडले, "परवाचा फोटो फार सुरेख आलाय. कोण हो ते?"

"माझे आजोबा." भोगटेने डोळ्यांना रुमाल लावला. "तेरा दिवस झाले त्यांना जाऊन. हा शेवटचा फोटो."

"तुम्हीच काढलात?"

"मग! काढताना म्हणाले, ऋतू, थंडी वाजतेय रे, आटप!"

सरकारांचे कारभारी हळहळले. "मीसुद्धा खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलंय."

"सरकारांनाही दाखवा की," सगुणा म्हणाली.

कारभाऱ्यांनी आपला मोबाइल पुढे केला. सरकारांनी चष्मा चढवला. फोटो मोठा केला. आणखी मोठा केला.

"ही घोंगडी... हे चिरुटाने पडलेलं भोक... अरे, हा तर मी! रोज पहाटे तळ्यावर बसतो तो मी! कारभारी, तुम्ही मला श्रद्धांजली वाहिलीत?"

कारभारी पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. भोगटेचा रुमाल डोळ्यांवरून कपाळावर गेला.

"पोरी, हा चोर आहे!" सरकार गरजले.

"ते तुम्ही म्हणालात, सरकार! मी तसं कुठे म्हटलं? दादा आजोबांसाठी झुरत होते, मी फक्त गाठ घालून दिली!"

सरकार इतके हसले की फेटा कानावर आला. त्यांनी पदक सगुणाच्या गळ्यात घातलं, आपला कॅमेरा तिच्या हाती दिला आणि पेजवरच्या प्रत्येक उचललेल्या फोटोखाली खऱ्या मालकाचं नाव लिहायचा भोगटेला हुकूम सोडला.

भोगटे मागच्या दाराकडे सरकला.

"थांब रे नातवा!" सरकारांनी हाक मारली. "आज माझं तेरावं ना? मग सगळ्या सभेला जेवण तुझ्याकडून!"