सहाण आणि सलाईन

“बरं, सहाण काढून घेतलीस. मग ताप उतरला का?”

विचारणाऱ्या डॉ. सुनंदा रिसबूड म्हणजे बालरोग विभागाच्या प्रमुख. सगळे त्यांना बाई म्हणत. समोर उभा होता त्यांचा शिष्य निनाद कुलथे. पोरगा हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक.

“नाही, बाई. पण उतरेल. कारण सापडलंय.”

तो उत्साहानं सांगू लागला. पाच महिन्यांची ईश्वरी जुलाबांसाठी दाखल झाली होती. जुलाब थांबले आणि ती तापानं फणफणली. रक्त तपासलं तर त्यात पाण्यात, ओलाव्यात वाढणारा जंतू निघाला. एवढ्याशा बाळाच्या रक्तात तो क्वचितच सापडतो. आई सारिका हिच्या पिशवीत बाळगुटी उगाळायची सहाण होती, तीही ओली. निनादनं ती सगळ्या वॉर्डासमोर उचलली आणि त्या माउलीला नाही नाही ते बोलला. तेव्हापासून ती मान खाली घालून खाटेशी बसून होती. मला विचाराल तर कुणीतरी त्याला तिथंच अडवायला हवं होतं.

“शेजारच्या बाळालाही हाच जंतू ना?”

“हो.”

“त्याला गुटी देतात?”

“त्याची आई नाही म्हणते. पण दोघींची गट्टी जमलीय, बाई. हिनं चोरून चाटवली असेल.”

बाईंनी हातातली फाइल मिटली.

“गुटी जाते पोटात. रक्तात कोण जातं?”

“पण सहाण ओली होती, बाई.”

“रक्तात कोण जातं, निनाद?”

“आपण. सुईवाटे,” तो हळूच म्हणाला. मग लगेच सावरला. “पण आपलं काम चोख आहे, बाई.”

“दाखव.”

त्यानं वॉर्डातली औषधांची ट्रॉली टेबलाजवळ ओढली. बाळांच्या हाताला लावलेली सुई बंद पडू नये म्हणून तिच्यातून अधूनमधून थोडं सलाईन सोडावं लागतं. त्यासाठी ट्रॉलीवर सगळ्या खाटांना मिळून एकच मोठी बाटली होती. तिच्या रबरी बुचात एक सुई कायमची टोचून ठेवलेली. ही युक्ती निनादचीच.

“दर वेळी नवं भोक पाडायला नको,” तो कौतुकानं म्हणाला.

बाईंनी बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला.

“मला दे. याच बाटलीतलं.”

तो हसला. बाई हसल्या नाहीत.

त्यानं सिरिंज भरली. बाईंच्या दंडाला पट्टा बांधला. शीर चाचपली...

आणि थांबला. त्याची नजर बाटलीकडे गेली. बुचातल्या त्या उघड्या सुईकडे गेली. ही बाटली लावली कधी? काल? परवा? त्याला आठवेना.

“काय झालं?”

“नको, बाई.”

“का? बाळांना देताना हात थांबला नव्हता.”

त्यानं सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली.

बाटली तपासायला गेली. तिच्यात तोच जंतू निघाला. दोन्ही बाळांच्या सुया काढून दुसरीकडे नव्या लावल्या, सलाईनसाठी एकदाच वापरून फेकायच्या छोट्या कुप्या आल्या. नेमकं औषध सुरू झालं आणि ताप हटू लागला. ईश्वरी पुन्हा अंगावर पिऊ लागली, तेव्हा कुठे सगळ्या वॉर्डाचा जीव भांड्यात पडला.

निनाद बाईंच्या खोलीत आला. बस म्हटलं तरी उभाच राहिला.

“बाई, सारिका अजून म्हणते, माझ्याच हातानं माझं लेकरू मरत होतं.”

“मग?”

“तिला खरं सांगायला हवं.”

“हवंच.”

“तुम्ही सांगाल? मी सगळ्यांसमोर तिला इतकं बोललो... आता माझ्यावर ती विश्वास कशी ठेवेल?”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तू सलाईन सोडायचास, तेव्हा तुझ्या भरवशावर बाळाचा हात कोण घट्ट धरून ठेवायचं?”