मुठीचा भात

"भात कमी पडला का, बुवा?"

हसुराम मठाच्या पायरीशी उभा होता. दुपार झाली होती, तरी पायाला चिखलाचा ठिपका नव्हता.

"नाही," भानगीर बुवा म्हणाले. "मलाही द्रोणभर पाठवलास की. पांढरा, मऊ. दाताला एक खडा लागला नाही."

"मंग मानसं बांधावर का नाय आली?"



भानगीर बुवा घाटावरून आलेले गोसावी. खाडीच्या बांधाला लागून त्यांचा एका खोलीचा मठ. हसुराम त्यांचा जुना शिष्य, आणि चार वर्षांपासून देवळीखार गावाचा शेठ. मुंबईच्या बंदरात रंगूनचा तांदूळ उतरायचा, तो हा पडावात भरून खाडीने आणायचा आणि गावात विकायचा. गावच्या तांबड्या तांदळापेक्षा तो स्वस्त पडे. कांडायला नको, पाखडायला नको. घरोघरी चूल पेटताना हसुरामचं नाव निघे आणि ते त्याला आवडे. कुणाला आवडणार नाही?

पण गाव उभं होतं ते बांधावर. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातखाचरं, घरं आणि गोड्या पाण्याचं एकुलतं एक तळं. तो बांध एका जागी खचला होता. रोजची भरती अजून हातभर खाली राहत होती. उद्या अमावस्येचं उधाण, ते खाली राहणार नव्हतं. एकदा खारं पाणी आत शिरलं की तळं गेलं, आणि जमीनही तीन पावसाळे मेली.

अशा वेळची गावाची एक रीत होती. बांध घालायच्या दिवशी प्रत्येक घरातून एक मूठ तांदूळ यायचा आणि मठाच्या हंड्यात पडायचा. त्याला मुठीचा भात म्हणत. तो खाऊन घरटी एक माणूस ओहोटीला कमरेएवढ्या चिखलात उतरे आणि ढेपा हातोहात वर चढत. कुणाला बोलावणं जात नसे.

या खेपेला हसुरामने रीत मोडली, तीही चांगल्या मनाने. गरिबांच्या मुठी कशाला हव्यात? त्याने स्वतःचं अख्खं पोतं हंड्यात ओतलं. सकाळी पंगत बसली. शेठने स्वतः फिरून वाढलं. लोकांनी बोटं चाटून खाल्लं, शेठला आशीर्वाद दिले आणि हात धुऊन घरी गेले.

"एक पन नाय गेला बांधावर," हसुराम म्हणाला. "मी म्हनलं, अरे चला. तर गोमा म्हातारा मलाच इचारतो, शेठ, आजचा रोज काय देनार?"

"मग?"

"देतो म्हनलं. काय करनार? मंग भांडान लागला. चिखलात उभा राहील त्याला किती, काठावरून ढेप देईल त्याला किती. भांडता भांडता भरती आली."

"हं."

"हं काय, बुवा! या लोकांना मी जगवलं!"

बुवांनी मान हलवली. खरंच होतं ते.

हसुराम पायरीवर बसला. आवाज खाली आला.

"तुमी सदा तांबड्या भाताचं कवतिक सांगता. सरावनात कनग्या रिकाम्या व्हायच्या, तवा काय खायचो आमी? रानातला पाला उकडून खायचो. माजी बहीन चंदरी पेजेवाचून गेली. सा वर्सांची होती. त्या साली रंगूनचा तांदूल असता तर..."

"मीच पुरली तिला," बुवा म्हणाले. "माझ्या हातांवर काहीच वजन नव्हतं, हसू."

बांधापलीकडे खाडीचं पाणी चढत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता. गोष्ट सांगणाऱ्याला इथे बुवांची बाजू घ्यावीशी वाटते, पण हसुरामचं म्हणणंही खोडता येत नाही. भुकेल्या माणसाला तांदळाचं गाव कुणी विचारायला सांगू नये.

"म्हनजे माजं काय चुकलं?" हसुरामने विचारलं.

"भूक भागवलीस, ते चुकलं नाही."

"मंग?"

"तू मुठी का नाही घेतल्यास?"

"मूठभर तांदलानं काय होतं, बुवा? हंडा तरी भरतो का? मी पोतं ओतलं."

"हंडा भरला," बुवा म्हणाले. "बांध भरला नाही."

हसुराम हुशार होता. धंद्यात पडलेल्या माणसाला चूक दाखवावी लागते, समजावावी लागत नाही. तो ताडकन उठला.

"आलं ध्यानात. माजा भात खाल्ला म्हनून माजं काम वाटलं त्यांना. आता जातो. घरोघर मूठ मागतो. उद्या सकालची एक ओहोटी अजून हातात हाय. मुठी आल्या की मानसं येतील. येतील ना?"

बुवा त्याच्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता. असलीच तर दया होती, आणि ती हसुरामला दिसली नाही.

"जा," ते म्हणाले. "माग."

हसुरामने खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याची झोळी केली आणि निघाला. ज्याच्या ओट्यावर लोक तांदळासाठी उभे राहत, तो आता लोकांच्या ओट्यांपुढे उभा राहिला. लाज वाटलीच असणार. पण डोळ्यांपुढे तळं होतं. त्याच तळ्याचं पाणी त्याच्या घरी हंड्यात भरलेलं होतं, त्याची पोरं तेच पीत होती. शेठचं तळं वेगळं नव्हतं.

लोकांनीही त्याला विन्मुख पाठवलं नाही. सकाळचं भांडण त्यांच्याही जिवाला लागलं होतं. गोमा म्हाताऱ्याने तर मूठ घालताना हात जोडले. "रीत हाय, शेठ. रीतीला नाय कसं म्हनू?" एका घरी बाई बाळंतीण होती. तिनेही सासूच्या हातून मूठ पाठवली.

दिवेलागणीला हसुराम मठात परतला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"बुवा! सत्तेचाळीस घरं. सत्तेचाळीस मुठी. एक घर चुकलं नाय!"

"ओत," बुवा म्हणाले.

त्यांनी जमिनीवर घोंगडी अंथरली. हसुरामने झोळी उपडी केली. बुवांनी समई उचलून जवळ आणली आणि हातानेच तांदूळ पसरला, पातळ, दाणा दाणा दिसेल असा.

हसुराम हसत होता.

मग त्याचं हसणं थांबलं.

तो गुडघ्यांवर बसला. बोटाने दाणे बाजूला सारू लागला. एका कडेने, मग दुसऱ्या कडेने. पुन्हा मधून. काहीतरी हरवल्यासारखा शोधत राहिला.

सगळा तांदूळ पांढरा होता. लांब, गुळगुळीत, एका मापाचा. त्यात तांबूस दाणा एकही नव्हता. खडासुद्धा नव्हता.

"हा तर..." हसुराम म्हणाला. "हा तर माज्याच दुकानचा..."

"कुणाकडेच तांबडा नव्हता?"

"मी इचारलं नाय. मी मूठ मागितली. त्यांनी दिली." तो थांबला. "औंदा लावनी कुनी केली हो, बुवा?"

"तू सांग."

"गोमानं नाय केली. म्हनाला, चिखल तुडवून महाग तांदूल कशाला पिकवू. त्याच्या पोरांनी मिठागरावर काम धरलं. वरल्या आलीतल्या घरांनी..." तो एकेक घर आठवत गेला. प्रत्येक घराशी थबकला, प्रत्येक घरानंतर मान हलवली. "बियानं? बियानं तरी कुनीतरी राखलं असंल."

बुवांनी समई आणखी जवळ सरकवली.

"माज्या बापाच्या कनगीत होतं," हसुराम म्हणाला. "गेल्या साली मीच कांडायला लावलं. पडावातली पोती ठेवायला जागा नव्हती..."

त्याने तोंडावर हात घेतला. तो रडत होता की नाही, ते अंधुक उजेडात कळलं नाही. पण खांदे हलत होते.

बाहेर पाणी पुन्हा चढू लागलं होतं. मध्यरात्री भरून पहाटेला ते पार खाली जाणार होतं, आणि दुपारी कधी नव्हे एवढं वर येणार होतं.

थोड्या वेळाने हसुरामने डोळे पुसले. घोंगडीचे चारी कोपरे धरून तांदूळ गोळा केला आणि बुवांच्या पायाशी ठेवला. माणसाचा जीव असा असतो. सगळं दिसल्यावरही तो एकदा विचारून बघतो.

"बुवा, मुठी तर आल्यात. घरटी एक. रीत पुरी झाली. मी पहाटे हंडा चढवतो. शिंग फुंकून हाक मारतो... येतील ना मानसं?"

बुवांनी मूठभर तांदूळ उचलला, तळहातावर धरला आणि बराच वेळ पाहिला.

"हा ज्यांच्या बांधाआड पिकला, त्यांना हाक मार."