पाळकबाबांचे मौन

एकदा एका गावातल्या ख्रिस्ती मंडळीत एक वृद्ध पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते. सारे त्यांना पाळकबाबा म्हणत. शांतवन हा त्यांचा लाडका शिष्य. त्याचे आईबाप लवकर वारले, म्हणून बाबांनीच त्याला वाढवले, शास्त्र शिकवले, चार लोकांत उभे राहून बोलायला शिकवले. तो बोलू लागला की माणसे माना डोलवीत. त्या माना पाहता पाहता शांतवनच्या मनात एक विचार शिरला. बाबांचा आवाज आता कापतो, वाचताना ते अडखळतात. मग अजून तेच का पुढे?

हा विचार त्याने मनोहर पाटोळ्यांपाशी बोलून दाखवला. मनोहर मंडळीतले वजनदार गृहस्थ, जिभेचे तिखट. त्यांनी ठिणगीवर फुंकर घातली. एका रविवारी उपासना संपता संपता दोघेही आपल्या बाजूच्या लोकांसह उठून उभे राहिले.

"बाबा," शांतवन म्हणाला, "देवाचा आत्मा काय तुम्हा एकट्यालाच मिळाला आहे? आम्हीही त्याचीच लेकरे. मग तुम्हीच का आमच्या डोक्यावर?"

"खाली उतरा!" मनोहर ओरडले.

बाबांचा चेहरा लाल झाला. ओठ हलले. सर्वांना वाटले, आता हे बोलणार. पण त्यांनी गुडघे टेकले, जमिनीला कपाळ लावले आणि ते तसेच पडून राहिले. प्रार्थनामंदिर रिकामे झाले तरी उठले नाहीत.

"हरला म्हातारा," मनोहर बाहेर येऊन म्हणाले. शांतवनला मात्र जिंकल्यासारखे वाटेना. हरलेला माणूस असा पडत नाही. मग बाबांनी केले तरी काय?

पुढे व्यासपीठावर शांतवन उभा राहू लागला. बाबा मागच्या बाकावर बसून ऐकत. अशात गावात पटकीची साथ आली आणि मनोहर अंथरुणाला खिळले. कुणीतरी या, असा घरच्यांचा निरोप आला. मंडळीत जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला. शांतवनने व्यासपीठावरून मनोहरांसाठी लांब, सुरेख प्रार्थना केली. त्यांच्या घरी मात्र गेला नाही.

शेवटी मन खाऊ लागले, तेव्हा तो भर दुपारी तिकडे गेला आणि दारातच थबकला. बाबा मनोहरांचे डोके मांडीवर घेऊन त्यांना चमच्याने मीठ-साखरेचे पाणी पाजत होते. शेजारी ओकारीचे घमेले होते.

"बाबा, तुम्ही? यांच्याकडे?" शांतवनने विचारले. "त्या दिवशी तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"उत्तर ओठांवर आले होते रे," बाबा म्हणाले, "पण ते रागाचे होते. बोललो असतो तर आपण एकमेकांशी भांडत बसलो असतो आणि देव बाजूलाच राहिला असता. ही जागा मी मागून घेतलेली नाही. ज्याने नेमले, त्यालाच विचारले. म्हटले, प्रभो, या पोरांचे खरे असेल तर मला दूर कर. आणि खोटे असेल, तर त्यांचा नाश होऊ देऊ नकोस."

"मग देव काय म्हणाला?"

बाबा किंचित हसले. "जागेविषयी अजून काही बोललेला नाही. मनोहर आजारी पडला तेव्हा 'जा' एवढे मात्र म्हणाला." मग मनोहरांचे ओठ पुसत ते म्हणाले, "माझी चूक दाखवायला आला असतास, तर मी ऐकले असते. चूक दाखवणे म्हणजे बंड नव्हे. पण तुला चूक दाखवायची नव्हती, जागा हवी होती. त्या जागेपैकी व्यासपीठ तेवढे तू उचललेस. बाकीची जागा ही इथे आहे."

मनोहरांनी डोळे मिटले होते, पण पापण्यांच्या कडांतून पाणी वाहत होते.

 शांतवन चपला काढून आत आला. घमेले उचलून मागच्या दारी नेले, राखेने घासून, धुऊन आणले.

 बाबांनी जरासे सरकून त्याला बसायला जागा करून दिली.