गव्हाणीतल्या तीन काड्या

एक होता पास्कू. राजा नव्हता हं, पण मिजास राजाची! वसईकडच्या एका आळीत राहायचा, आणि नाताळचा गोठा दरवर्षी तोच उभारायचा.

त्या आळीची एक रीत होती, बरं का. नाताळाआधी महिनाभर रोज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. ज्याच्या हातून दिवसभरात एक चांगली गोष्ट घडली, त्याने भाताच्या पेंढ्याची एक काडी गव्हाणीत ठेवायची. त्या काड्यांचंच बाळ येशूला अंथरूण.

पण त्या वर्षी पास्कूला गोठ्यांच्या स्पर्धेत शेजारच्या आळीला हरवायचं होतं. मग काय! डोंगर केला, धबधबा केला, फिरते उंट केले. प्रार्थनेला वेळ कुणाला? "काड्या कसल्या वेचता? मी मखमल आणलीय!" म्हणे. मेला शहाणा! गव्हाण रिकामीच राहिली.

नाताळच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ आली. पास्कूने मातीचं बाळ मखमलीवर ठेवलं. घसरलं की! मग मोरपिसांवर ठेवलं. बाळ फटकन शिंकलं. हसता काय, खरंच शिंकलं! मग चांदीच्या ताटात ठेवलं. तर ते गारठून निळं पडलं आणि टाहो फोडून रडायला लागलं.

पास्कूचं धाबं दणाणलं. देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा व्हायला थोडाच वेळ, आणि बाळाला टेकायला जागा नाही!

त्याची म्हातारी आत्या रुजाय ओट्यावर करंज्या भरत होती. ती म्हणाली, "मांडव घातलास, पाहुणे बोलावलेस, आणि ज्याचा वाढदिवस त्यालाच निजायला जागा नाही होय रे?"

"आत्ये, गाडीभर पेंढा आणतो!"

"गाडीभर नको. कमावलेली काडी आण."

मग पास्कू पळाला. गोठ्यासाठी त्याने बहीण रेमेतचे बांबू न विचारता तोडले होते, तेव्हापासून अबोला. तिच्या उंबऱ्यावर कान धरून उभा राहिला. "चुकलो गं बाय."

"मागितले असतेस तर दिले नसते का, गाढवा?" रेमेत म्हणाली, आणि हसली. झाली एक काडी.

मग धबधबा बंद केला. त्याच्यापायी म्हाताऱ्या इनासची विहीर आटत आली होती. पास्कूने लांबच्या विहिरीवरून दोन हंडे भरून इनासच्या पडवीत नेऊन ठेवले. दुसरी काडी.

तिसरीसाठी कुठं जावं? सुचेना. मग गोठ्यासमोर गुडघे टेकले, महिनाभरात पहिल्यांदाच. प्रार्थना अर्धीच आठवली. "बाळा, तुझं घर बांधता बांधता तुलाच विसरलो रे," एवढंच म्हणाला, आणि घळघळा रडला. तिसरी काडी.

तीन काड्यांवर बाळ ठेवलं. त्याने कूस बदलली, अंगठा चोखला आणि गाढ झोपलं.

घंटा वाजली. सगळी आळी जमली. धबधबा नाही, त्यामुळे त्याच्या पाण्यावरचे उंटही फिरेनात. बक्षीस? ते गेलं शेजारच्या आळीला. गेलं तर गेलं! सगळ्यांनी गुडघे टेकले, मग करंज्यांवर ताव मारला, आणि पुढे रोज एकेक काडी ठेवत आळी सुखानं नांदली.

आता तुम्ही. आजची आपली काडी आठवा बघू. मला सांगू नका, मनातच ठेवा. ठेवलीत? मग मिटा डोळे. गव्हाणीतलं बाळ झोपलंय, आवाज नको.