सात डोंगरांचा एक धागा

फार पूर्वी एका कोळिणीने सात डोंगरांवरून एकच धागा ओढला होता. पहाटे त्यावर दव साठलं की एकेका थेंबात एकेका डोंगरावरच्या प्राण्याचा चेहरा दिसे आणि धाग्यातून आवाज येई. जागचं न हलता सगळ्यांची सभा भरे.

पहिल्या डोंगरावरचा मोर आपल्या थेंबात सगळा पिसारा मावेल एवढं दव ओढून घेई. त्याचं पाहून सांबराने शिंगांसाठी थेंब वाढवला, अस्वलाने पोटासाठी.

एके पहाटे धागा ओझ्याने लोंबू लागला. सातव्या डोंगराच्या पायथ्याशी, नदीकाठी राहणारी टिटवी जीव तोडून काही सांगत होती, पण आवाज तुटत होता. वणवा लागलाय एवढंच कळलं. कुठून येतोय, ते कळेना.

"धागा आहे तेवढाच आहे," कोळीण म्हणाली. "ती बोलतेय, तिला वाट द्या. बाकीच्यांनी मोहरीएवढे व्हा."

"मग मी आहे हे कळणार कसं?" मोराने विचारलं.

"मोरदादा, थेंब आहे तोवर तुम्ही आहातच."

मोराने नाइलाजाने पिसारा मिटला. पाठोपाठ सगळेच आक्रसले, आणि धागा एकतारीच्या तारेसारखा ताठ झाला.

"वणवा पूर्वेच्या खिंडीतून येतोय. नदीकडे या," टिटवी अगदी कानाशी बोलली. तिच्यामागून पेटल्या गवताची तडतड आली. आणि त्याहीमागून, तिच्या अंड्यातलं पिल्लू आतून कवच टोचत होतं, त्याची बारीक टकटक.

सहा डोंगर ओलांडून आलेली ती टकटक मोराने श्वास रोखून ऐकली.

दुपारी सगळे नदीवर सुखरूप पोचले. मोराने आधी ते अंडं शोधलं.